बॅटरी बदलण्याआधी फ्रिजच्या प्लगवर मोजा

चोपड्याच्या एका सेवानिवृत्त सरांचा प्रश्न आहे. जीपमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर त्यांनी दोन वर्षांपूर्वी बनवून घेतला. पुढच्या बाजूला पलंगाखाली १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर (इन्व्हर्टरला लागते तशी शिशाची) बॅटरी, छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल, मागच्या कोपऱ्यात १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज, शिवाय पाण्याचा पंप, दोन पंखे, एलईडी पट्ट्या. मार्गशीर्षात घरच्यांना घेऊन ते सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोडेबाजार आणि तापीकाठी तीन रात्रींचा मुक्काम. संध्याकाळी सगळं व्यवस्थित चालायचं. रात्री अकराच्या सुमारास फ्रिज बंद पडायचा, लाल दिवा लुकलुकायचा, जरा वेळाने फ्रिज आपोआप सुरू व्हायचा आणि परत बंद. पंप लावला की दिवे मंद. फ्यूजचा होल्डर एका अंगाने वितळलेला, पण फ्यूज शाबूत. बॅटरीवर मीटर लावला तर १२.३ व्होल्ट. ट्रेलर बनवणारा मिस्त्री म्हणाला, "बॅटरी बराबर शे, फ्रिजमाच गडबड शे." फ्रिज दुरुस्त करणारा म्हणाला, बॅटरी गेली. सरांनी एकदा बॅटरी बदलूनही पाहिली, काही फरक नाही. आता लिथियम घ्यावी का, असं ते विचारतात, कारण मे महिन्यात नातवंडांना घेऊन तोरणमाळला जायचं आहे.

सर, लिथियम आत्ता घेऊ नका. तुमची बॅटरी ठीक असावी आणि फ्रिजही ठीक असावा. दुखणं या दोघांच्या मधल्या वायरीत आणि सांध्यांत आहे, आणि तिथे दोघांपैकी कुणीच मीटर लावला नाही.

मी जळगावात सत्तावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. ट्रक, केळीच्या ट्रॉल्या, रसवंतीच्या गाड्या, रुग्णवाहिका, आणि गेली काही वर्षं तुमच्यासारख्यांचे ट्रेलर. सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णवाहिकेतलं सक्शन मशीन रस्त्यात मध्येच दम टाकायचं, म्हणून मी तिची बॅटरी बदलून दिली. तीन दिवसांनी मालक परत आला, तीच तक्रार. मग शोधत गेलो तेव्हा निगेटिव्हची थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, रंगाच्या थरावरच बसवलेली सापडली. आत पेशंट होता आणि मशीन थांबलं होतं, हे मालकाने मला ज्या आवाजात सांगितलं तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून लोड, म्हणजे वीज खाणारी वस्तू, चालू ठेवून मोजल्याशिवाय मी कुणाला एकही वस्तू विकत घ्यायला सांगत नाही.

तुमची केळीची बाग आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ठिबकवरूनच सांगतो. शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. तुम्ही सगळे कॉक बंद केले आणि शेवटच्या टोकाला प्रेशर गेज लावला, तर तो पंपाजवळ जेवढं दाखवतो तेवढंच दाखवेल, कारण पाणी वाहतच नाही. कॉक उघडा आणि मग गेज बघा, काटा खाली येईल. लॅटरल (ओळीतली नळी) बारीक असेल, मधे कचरा अडकला असेल, तर आणखी खाली येईल. वायरीचंही अगदी तसंच आहे. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या सांध्यापलीकडेसुद्धा मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तुम्ही १२.३ मोजले तेव्हा फ्रिज बंद होता. तो आकडा खोटा नाही, पण तो फक्त बॅटरीची शिल्लक सांगतो. फ्रिजपर्यंत किती पोचतं ते सांगत नाही.

शिल्लकही नीट समजून घ्या. शिशाची बॅटरी चार-पाच तास निवांत ठेवून मोजली तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव उरली. चार्जर किंवा सोलर नुकतंच काढलं असेल तर वरवरचा चार्ज दिसतो आणि मीटर १३ च्या आसपास दाखवतो. त्यावर विसंबू नका. तुमचे रात्रीचे १२.३ म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त. ही बॅटरी मेलेली नाही.

आता फ्रिज का लुकलुकतो ते बघू. छोट्या डीसी कॉम्प्रेसरच्या बहुतेक फ्रिजांत बॅटरी वाचवण्यासाठी एक पहारेकरी बसवलेला असतो. बऱ्याच कंट्रोलरवर तो १०.४ व्होल्टला कॉम्प्रेसर बंद करतो आणि ११.७ झाले की परत चालू करतो. हे व्होल्ट तो स्वतःच्या दाराशी मोजतो, बॅटरीवर नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फ्रिजला गेलेली वायर दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) आहे, आणि कापलेलं टोक आतून पांढरं दिसतंय. म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर. खात्री करायची असेल तर एक तार ब्लेडने खरवडा. वर लाल, आत पांढरी निघाली की समजा. पलंगापासून कडेकडेने मागच्या कोपऱ्यापर्यंत सात मीटर धरू, जाऊन-येऊन चौदा. चांगल्या तांब्याच्या दीड एमएम वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१३३ ओहम असतो. चौदा मीटरचा झाला ०.१८६. फ्रिज ५ अँपिअर घेत असेल तर ०.९३ व्होल्ट वाटेतच गेले. मुलाम्याच्या वायरीचा रोध सुमारे दीडपट, म्हणजे १.४ व्होल्ट. त्यात तो वितळलेला होल्डर आणि एक-दोन ढिल्या थिंबला मिळून पाव ते अर्धा व्होल्ट खातात, आपण ०.३५ धरू. एकूण पावणेदोन.

संध्याकाळी बॅटरी लोडवर १२.५ दाखवत असेल तेव्हा फ्रिजला १०.७५ मिळतात आणि तो कसाबसा चालतो. रात्री अकराला बॅटरी लोडवर १२.१ वर येते, फ्रिजला मिळतात १०.३५, आणि पहारेकरी दार लावतो. कॉम्प्रेसर थांबला की करंट थांबतो, करंट थांबला की वाटेतली तूटही संपते, फ्रिजला परत १२ च्या वर दिसतं आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. तुमचा लाल दिवा रात्रभर हेच करत होता. नवी बॅटरी घातली तेव्हाही पावणेदोन व्होल्ट वाटेत जातच राहिले, म्हणून फरक पडला नाही. आणि ही मार्गशीर्षातली गोष्ट, जेव्हा तापीकाठी रात्री स्वेटर लागतो आणि फ्रिजला काम कमी असतं. वैशाखात हाच फ्रिज दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ चालणार आहे.

माझं गणित फोटोवरून केलेलं आहे, तुम्ही मीटरने ताडून बघा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक काळजी घ्या: लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात असताना बॅटरीवर टेकवू नका, तो थेट शॉर्ट होतो. फ्रिज चालू करा, थर्मोस्टॅट सर्वात थंडवर ठेवा म्हणजे कॉम्प्रेसर मध्येच थांबणार नाही, आणि शक्यतो सूर्य मावळल्यावर मोजा म्हणजे सोलरची लुडबूड नको. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. मग फ्रिजच्या मागे, जिथे प्लग बसतो तिथे मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेतली तूट. ०.३ ते ०.४ व्होल्टपर्यंत चालवून घेता येतं, त्याहून जास्त असेल तर वायरिंगला हात घालायचाच.

मग ही तूट कुठल्या बाजूला आहे ते शोधा, कारण बहुतेक जण इथेच थांबतात. तीन-चार मीटर लांब कुठलीही बारीक वायर घ्या आणि तिने मीटरची एक प्रोब लांब करा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं फ्रिजच्या पॉझिटिव्हवर. मीटर जे दाखवेल ती पॉझिटिव्ह बाजूची तूट. तसंच निगेटिव्हकडून निगेटिव्हवर. प्रोब थेट खुंटीवर टेकवा, तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्पच्या मधेच पांढरी बुरशी धरून अर्धा व्होल्ट खाल्लेला मी कितीदा पाहिलाय. बाजू कळली की एकेक टप्पा मोजत या: खुंटीपासून क्लॅम्प, क्लॅम्पपासून फ्यूजचं अलीकडचं पातं, फ्यूजच्या अलीकडून पलीकडे, स्विचच्या अलीकडून पलीकडे, आणि शेवटी वायर. फ्यूज-होल्डरवर किंवा स्विचवर ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर ती वस्तू बदला. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यात एकही बोल्ट उघडावा लागत नाही. उघडून, घासून, बसवून पुन्हा बघायची सवय असलेले मिस्त्री दोष सापडण्याआधीच चार नवे दोष करून ठेवतात.

तुमच्याकडे निगेटिव्ह बाजूला जास्त तूट निघेल असा माझा अंदाज आहे. पंप लावल्यावर दिवे मंद होतात, यावरून म्हणतो. पंप पाच-सात अँपिअर ओढतो, दिवे जेमतेम एक-दीड. पंप सुरू असताना बॅटरीवरचं व्होल्टेज ०.१-०.२ नेच उतरत असेल आणि तरी दिवे मलूल होत असतील, तर पंप आणि दिवे परतीच्या एकाच कमजोर वाटेवर आहेत. ती वाट म्हणजे चेसिस. बनवणाऱ्यांनी वायर वाचवायला सगळ्यांची निगेटिव्ह लोखंडाला मारली असणार. लोखंड रोध करतं म्हणून नव्हे, तर रंग, गंज आणि प्रायमरवर कसलेला स्क्रू रोध करतो म्हणून हे काम बिघडतं. दोन पावसाळे गेले की त्या स्क्रूखाली तपकिरी भुकटीशिवाय काही उरत नाही. केळीच्या ट्रॉल्यांवर हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो: डावीकडचा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही त्याच्याबरोबर मंद लुकलुकतो, कारण अर्थ (चेसिसमधून परतीची जोडणी) तुटल्यावर करंट दुसऱ्या बल्बमधून उलटा वाट काढतो. एका ट्रॉलीचे दिवे चढावर लागायचे आणि उतारावर जायचे. तिची अर्थची वायरच जोडलेली नव्हती. परतीचा करंट ओढायच्या हुकमधून जात होता, आणि उतारावर हुक सैल पडला की वाट तुटायची.

म्हणून ट्रेलरच्या राहत्या भागातल्या वस्तूंना चेसिसवर अर्थ देऊ नका. बॅटरीजवळ तांब्याची किंवा पितळेची एक बस बार (अनेक वायरी एकत्र जोडायची पट्टी) बसवा, प्रत्येक वस्तूची निगेटिव्ह तिच्या पॉझिटिव्हएवढ्याच जाडीच्या वायरीने तिथे आणा, आणि बस बारपासून चेसिसला एकच जाड वायर द्या. चेसिसवरची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, थिंबल, दातेरी वॉशर आणि नट बोल्ट लावा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली फासा. आधी ग्रीस आणि मग थिंबल असं करू नका.

फ्रिजला स्वतंत्र ६ एमएमची शुद्ध तांब्याची मल्टीस्ट्रँड वायर ओढा, दोन्ही बाजूंनी, मधे एकही सांधा न ठेवता. त्याच चौदा मीटरवर ५ अँपिअरला तूट होईल फक्त ०.२३ व्होल्ट. ४ एमएमला ०.३५ येते, तीही चालेल, पण एकदा पॅनेल उघडलंच आहे तर कंजुषी कशाला? फ्रिजचा प्लग जर सिगारेट-लायटरच्या आकाराचा असेल तर तोही काढून टाका. त्याची स्प्रिंग आमच्याकडच्या रस्त्यांवर महिनाभरही घट्ट राहत नाही. दोन पिनचा लॉक होणारा कपलर लावा. थिंबला पक्कडने दाबू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा, आणि दाबून झाल्यावर जोर लावून ओढून बघा. ओढल्यावर निघाली तर बरंच झालं, नाहीतर घाटात निघाली असती.

वितळलेल्या होल्डरबद्दल. मिस्त्रीने तुम्हाला १५ चा फ्यूज काढून ३० चा घालायला सांगितलंय. कृपा करून घालू नका. फ्यूज उडाला नाही आणि होल्डर वितळला, याचा अर्थ करंट जास्त नव्हता. पातं ढिलं होतं आणि तिथे उष्णता साचत गेली. फ्यूज वायरीच्या जिवासाठी असतो. दीड एमएमच्या वायरीवर ३० चा हिरवा फ्यूज लावला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर पेटेल, आणि ती वायर प्लायवुडच्या आतून, गादीखालून गेलेली आहे. ब्लेड फ्यूजचे रंग लक्षात ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्रिजला १५, पंपाला १०, दिव्यांना ५. आणि बॅटरीतून निघणाऱ्या मुख्य वायरीवर, खुंटीपासून एका वितीच्या आत, मुख्य फ्यूज हवा. तुमच्या फोटोत तो मला कुठेच दिसत नाही. मुख्य फ्यूज नसलेला ट्रेलर मी दुकानातून बाहेर जाऊ देत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पलंगाखालची बॅटरी. ट्युब्युलर बॅटरी सहसा सीलबंद नसते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. वर नातवंडं झोपणार, खाली पेटी बंद, शेजारी रिले (विजेवर आपोआप चालणारा स्विच) आणि चार्जर. हे असं ठेवू नका. सगळ्यात बरं म्हणजे बॅटरी ट्रेलरच्या दांडीवर, बाहेर, झाकणाच्या पेटीत पट्ट्याने आवळून ठेवा. ते जमत नसेल तर पलंगाखाली हवाबंद झाकणाची प्लास्टिक पेटी करा, झाकणाच्या सर्वात वरच्या जागेतून पाइप काढून थेट बाहेर सोडा, आणि हवा आत यायला खालच्या बाजूने दुसरा पाइप द्या. रिले, फ्यूज, स्विच असलं ठिणगी पाडणारं काहीही त्या पेटीत नको. बाकी कामं पुढे ढकललीत तरी चालेल, हे आधी करा.

जीपने तीन तास ओढूनही बॅटरी भरली नाही, हाही तुमचा प्रश्न होता. चोपडा-शिरपूर-शहादा रस्त्याने सारंगखेडं गाठेपर्यंत अल्टरनेटरकडून खरं तर चांगला हातभार लागायला हवा होता. पण तिथेही तीच बारीक वायर आडवी आली. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, तिथून अडीच एमएमच्या वायरीने सात पिनच्या सॉकेटमार्गे ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत नऊ मीटर. जाऊन-येऊन अठरा मीटरचा रोध ०.१४४ ओहम. कागदावर आठ-नऊ अँपिअर जातील असं दिसतं. सॉकेटच्या पिना, हुकजवळचा अर्थ आणि गंज धरला तर चार-पाचही जात नाहीत. तेवढे चालू फ्रिजच खातो. बॅटरीच्या वाट्याला काही उरत नाही. शिवाय शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात, आणि ते अशा वायरीतून कधीच पोचत नाहीत.

यावर उपाय दोन आहेत. जुनी जीप असेल तर १६ एमएमच्या दोन वायरी, दोन्ही टोकांना फ्यूज, मधे इंजिन चालू असतानाच जोडणारा रिले. बीएस-६ च्या काही गाड्यांत मात्र इंजिनाची बॅटरी भरली की कंप्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, तिथे रिले निरुपयोगी. त्यांना ट्रेलरच्या बॅटरीशेजारी डीसी-टू-डीसी चार्जर लावावा लागतो. तो कमी व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढं करून देतो. तुमची गाडी कुठल्या सालची ते कळवलं नाहीत, पण २०२० नंतरची असेल तर थेट चार्जरच घ्या, रिलेवर पैसे घालवू नका.

सोलरचं थोडक्यात. सावली सोडून ट्रेलर उभा करा; एका फांदीची सावलीही पॅनेलचं काम बरंच कमी करते. सारंगखेड्याला तुम्ही गारव्यासाठी झाडाखाली लावला होता, फोटोत दिसतंय. मग पॅनेलच्या मागचं लेबल वाचा. ३६ सेलचं असेल तर तुमचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी भरणारा डबा) ठीक आहे. घराच्या छतावरचं ७२ सेलचं असेल, तर ते ३६-३७ व्होल्टला ५.४ अँपिअर देतं, आणि साधा कंट्रोलर ते ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो; करंट तेवढाच राहतो. २०० वॉटपैकी हातात ७०. तिथे जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता त्याचा करंट करून देणारा एमपीपीटी कंट्रोलर लागतो. आपल्या उन्हाचा एक गैरसमजही इथे काढतो: ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असं होत नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला पॅनेल साधारण ०.४ टक्के गमावतं, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात पत्र्याला चिकटवलेलं पॅनेल ७० अंशांपर्यंत तापलं तर अठरा टक्के गेले. पॅनेल आणि छप्पर यांत चार बोटं मोकळी ठेवा, खालून वारा खेळू द्या, आणि रोज सकाळी फडक्याने धूळ पुसा.

वायरिंग दुरुस्त झालं तरी रोजचा जमाखर्च एकदा मांडावा लागेल. उन्हाळ्यात फ्रिजचे दिवसाला साठ अँपिअर-तास धरा. दोन पंखे प्रत्येकी दोन अँपिअर, आठ तास, म्हणजे बत्तीस. दिव्यांचे आठ, पंपाचे दोन-तीन. शंभराच्या वर गेलं. १५० ची ट्युब्युलर निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे पंच्याहत्तर हाताशी. २०० वॉटचं पॅनेल चांगल्या दिवशी पन्नास-पंचावन्न भरून देईल. पहिली रात्र निभेल, दुसऱ्या पहाटे ओढाताण होईल, तिसऱ्या दिवशी अडचण. तोरणमाळला मात्र उंचीमुळे गारवा असतो, पंखे कमी लागतील. यशवंत तलावाकडे दोनच रात्री राहणार असाल तर चालून जाईल. जास्त राहायचं असेल तर आणखी एक २०० वॉटचं पॅनेल हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आता लिथियम. मी तिच्या विरोधात नाही, वजनाला निम्मी आणि बरीच जास्त वापरता येते. पण खान्देशात ती घेणाऱ्याने एक गोष्ट आधी विचारावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा बीएमएस (बॅटरीतलंच राखण करणारं सर्किट) साधारणपणे ४५ ते ५५ अंशांच्या वर चार्जिंग बंद करतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला असतो. बंद ट्रेलरमध्ये, पलंगाखालच्या पेटीत त्याहून वर. भर दुपारी सोलर जोरात आणि बॅटरी घ्यायला तयार नाही, असं घडतं, आणि माणूस कंट्रोलर बिघडला म्हणून दुकानात येतो. तिला हवेशीर जागा द्या, अल्टरनेटरला थेट जोडू नका कारण ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळू शकतो, आणि शिल्लक बघायला शंट (आत-बाहेर गेलेला करंट मोजणारी पट्टी) असलेला मॉनिटर लावा. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपासच राहतं, साध्या मीटरवरून काही कळत नाही. शिशाच्या बॅटरीलाही उन्हाळा मानवत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि ४५ अंशांत तिला चार्जिंगचं व्होल्टेज सुमारे अर्धा व्होल्ट कमी द्यावं लागतं. कंट्रोलरला तापमानाची प्रोब असेल तर ती बॅटरीच्या अंगाला चिकटवा. पाणी दर पंधरा दिवसांनी बघा, आणि फक्त डिस्टिल्डच घाला.

ट्रेलर दोन महिने अंगणात उभा राहिला की बॅटरी बसते, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती आपोआप बसत नाही, कुणीतरी पीत असतं. गॅस गळतीचा अलार्म, म्युझिक सिस्टीमची मेमरी, यूएसबी सॉकेटचा निळा दिवा. सगळं बंद करून निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून तिच्या आणि खुंटीच्या मधे लावा. ०.२ अँपिअर दिसले तरी महिन्याला १४४ अँपिअर-तास होतात, म्हणजे तुमची अख्खी बॅटरी. शंभर-दोनशे मिलीअँपिअरची ही गळती शोधत बसण्यापेक्षा निगेटिव्हवर एक फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवा आणि ट्रेलर उभा केला की बंद करा. फक्त सोलर कंट्रोलर त्याच्या अलीकडे, थेट बॅटरीला फ्यूजमधून जोडा, म्हणजे उभ्या ट्रेलरची बॅटरी उन्हात भरत राहील. कंट्रोलरला जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. आणि कापूस-मक्याच्या दिवसांत उभ्या ट्रेलरमध्ये उंदीर हमखास शिरतात, तेव्हा नव्या वायरी लवचीक पाइपमधून घाला.

क्रम असा ठेवा: आधी बॅटरीची पेटी आणि मुख्य फ्यूज, मग मीटरने मोजणं, मग फ्रिजची वायर आणि निगेटिव्हची बस बार, त्यानंतर जीपकडचं चार्जिंग. मोजल्यावर मला पाच आकडे कळवा: फ्रिज चालू असताना बॅटरीच्या खुंट्यांवरचे व्होल्ट, फ्रिजच्या प्लगवरचे व्होल्ट, पॉझिटिव्ह बाजूची तूट, निगेटिव्ह बाजूची तूट, आणि जीप सुरू असताना ट्रेलरच्या बॅटरीवरचे व्होल्ट. काम झाल्यावर तोरणमाळला निघण्याच्या आठवडाभर आधी एक रात्र सगळे ट्रेलरमध्येच अंगणात झोपा, फ्रिज, दिवे, पंखे चालू ठेवून. पहाटे पाचला, ऊन पडायच्या आत, फ्रिजच्या प्लगवर किती व्होल्ट आहेत ते बघा. ११.५ च्या वर असतील तर निर्धास्त निघा, आणि खाली असतील तर ट्रेलर घेऊन माझ्याकडे या, घाट चढायच्या आधी.